लसूण, मुरूम आणि शिराज

चातुर्मासात आमच्या ताईच्या घरात लसणाची पाकळीसुद्धा येत नाही. सासरे माळकरी, आषाढीला पायी वारी, आणि कार्तिकी होईपर्यंत कांदा-लसूण बंद म्हणजे बंद. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात दिंडोरीकडच्या त्यांच्या मळ्यावर गेलो आणि ओसरीवर पाय ठेवताच लसणाचा भपकारा आला, तेव्हा पहिली शंका आली ती घर चुकल्याची. आत डोकावलो तर दाजी जमिनीवर मांडी घालून बसलेले, पुढ्यात चार-पाच किलो सोललेला लसूण, आणि ताईचा मिक्सर घरघरतोय. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी. चेहरा अगदी शांत. वळवाच्या आधी झाडाचं पानसुद्धा हलत नाही, तसला शांत.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वेलींसाठी आहे," दाजी म्हणाले. "त्यांना कुठं चातुर्मास असतो, शालकबुवा?"

दाजींना वेड लागलं असं गावात काही जणांचं मत आहे. सोन्यासारखी थॉमसनची, खायच्या द्राक्षाची बाग काढून त्यांनी वाईनची द्राक्षं लावली, तेव्हा ते मत तयार झालं. पुढं त्या बागेला रासायनिक खत आणि औषध बंद केलं, तेव्हा ते पक्कं झालं. लसणाची बातमी अजून बाहेर फुटलेली नव्हती.

पण त्या लसणामागं कारण होतं. द्राक्षवेल मुळात थंडीच्या मुलखातली. तिकडे ती हिवाळ्यात पानं टाकून गाढ झोपते आणि वसंत आला की सगळे डोळे एकदम उघडून उठते. नाशिक पडलं विषुववृत्तापासून जेमतेम २० अंशांवर. इथं वेलीला झोप लागावी एवढी थंडी पडतच नाही. ती बिचारी बारा महिने जागरण करते. तेव्हा आपल्या बागायतदारांनी तिचं पंचांगच बदलून टाकलं. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार व्हावी म्हणून. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. छाटण्या दोन आणि पीक एक. युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्ष तोडतात. त्या दिवसांत आपल्याकडे आभाळ गळत असतं, म्हणून आपली तोडणी जानेवारी ते मार्च. थोडक्यात, फ्रेंच वेलीला आपण सांगितलं, बाई, इथं राहायचं तर इथल्या वेळा पाळायच्या. आणि तिनं ऐकलं.

एवढी एक अडचण राहते की ऑक्टोबरातल्या छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटत नाहीत. नेहमीच्या बागेत काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. हातमोजे घालून, बोळ्यानं, एकेका डोळ्यावर. 'पेस्टिंग' म्हणतात त्याला. थोड्याच दिवसांत बाग पोंग्यावर येते, म्हणजे डोळे फुगून फुटायला लागतात. सेंद्रिय बागेत हे रसायन चालत नाही. मग एक डोळा आज उघडतो, दुसरा आठ दिवसांनी, आणि तिसरा, लग्नघरात सगळ्यांची आंघोळ झाल्यावर उठणाऱ्या आत्यासारखा, वाटेल तेव्हा. जपानी संशोधकांना असं आढळलं होतं की लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी वेलीचे झोपलेले डोळे जागे होतात. हे दाजींनी कुठूनतरी पैदा केलं, आणि दोन ओळींपुरता प्रयोग करून बघायचं ठरवलं. मिक्सरचा प्रश्न त्या संशोधनात आलेला नसावा.

मी पडलो शहरातला बँकेतून निवृत्त झालेला माणूस. शेतीशी संबंध पीककर्जाच्या फायलीपुरता, आणि वाईनशी तेवढाही नाही. आमच्या आईच्या शब्दकोशात बाटलीतून येणारे दोनच पदार्थ होते, औषध आणि दारू. २०२२ साली सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं आणि वाईन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्रात महिनाभर कीर्तन चाललं, तेव्हा ताईच्या सासऱ्यांना मी मुद्दाम विचारलं होतं. माळ सावरत ते म्हणाले, "आम्ही द्राक्षं विकतो. पुढं त्याचं काय होतं, ते द्राक्षालाच ठाऊक." माणूस ऐंशीच्या घरात गेला की त्याला अशी उत्तरं सुचतात.

दाजींची बाग दोन तुकड्यांत आहे. एक ओढ्याकडचा, दुसरा टेकाडाकडचा. मध्ये बैलगाडी जाईल एवढी वाट. दोन्हीकडे शिराज. एकाच रोपवाटिकेतून आलेली रोपं, छाटणी एकाच दिवशी, माणसंही तीच. फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो तेव्हा दाजींनी मला सकाळी सातला उठवून, बिनचहाचा, तिथं नेलं. ओढ्याकडची जमीन काळी, भारी. मूठभर माती घेऊन दाबली तर लाडू वळतो. तिथल्या वेली अंगानं भरलेल्या, पानं हिरवीगार, शेंडे अजून वाढतायत, मणी टपोरे. टेकाडाकडे मुरूम. मूठ उघडली की बोटांतून खडे सांडतात. तिथल्या वेली किरकोळ, खालची पानं पिवळी पडायला लागलेली, मणी वाटाण्याएवढे. मी मनात म्हटलं, दाजींचं पोरगं नापास झालं वाटतं.

"खाऊन बघा," दाजी म्हणाले.

ओढ्याकडचा मणी गोड लागला, पाणीदार, बाजारातल्या द्राक्षासारखा, फक्त बी तोंडात आलं. टेकाडावरच्या मण्यानं मात्र मला थांबवलं. साल जाड, चावावी लागते. आधी गोड, मग आंबट, मग जिभेच्या कडांना सुपारी खाल्ल्यावर बसते तशी मिठी, आणि शेवटी जांभूळ. दाजींनी खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरला. ओढ्याकडचं द्राक्ष वीस ब्रिक्स, टेकाडावरचं साडेतेवीस. खायच्या द्राक्षाला अठरा आलं की व्यापारी दारात येतो. वाईनवाले अजून थांबा म्हणतात.

कारण ऐकल्यावर वाटलं, हे तर आपल्याला माहीतच होतं. भारी जमीन पाणी धरून ठेवते. वेलीला तहान ठाऊक नाही, म्हणून ती पानं काढत बसते. फळाकडे लक्ष द्यायची तिला गरजच वाटत नाही. मुरमाड जमिनीत पाणी निथळून जातं. मण्यात पाणी उतरायच्या सुमारास वेलीला कळतं की आता दिवस काही खरे नाहीत. ती शेंडा थांबवते आणि जे आहे ते मण्यात घालते. साखर, रंग, सालीतला तुरटपणा, सगळं. मणी लहान म्हणजे रसाच्या मानानं साल जास्त, आणि लाल वाईनचा सगळा जीव सालीत. फ्रान्सात बोर्डो भागातल्या मेडॉकच्या जमिनींचा जेरार सेगँ या शास्त्रज्ञानं आयुष्यभर अभ्यास केला, आणि तोही इथंच पोचला: नावाजलेल्या बागांच्या मातीत अमुक एक खनिज असतं असं नाही, त्यांच्यात सारखं असतं ते पाणी देण्याचं वळण. हवं तेवढं देतात, बाकीचं काढून टाकतात. लाड करत नाहीत पण उपाशीही ठेवत नाहीत. ताईच्या सासूबाईंनी तीन मुलं याच पद्धतीनं वाढवली, आणि त्यांना मेडॉक कुठं आहे हे माहीत नव्हतं.

मातीची चव थेट फळात उतरते ही समजूत मात्र फार गोड आहे आणि फार खोटी आहे. वाईनचे जाणकार घोट घेऊन म्हणतात, स्लेट लागते, चुनखडी लागते, गारगोटी लागते. ॲलेक्स माल्टमन नावाचे वेल्समधले भूशास्त्रज्ञ, स्वतः वेली लावणारे, वर्षानुवर्षं नम्रपणे सांगत आलेत की दगडाला बहुतेक चव नसतेच, आणि मुळं काही दगड शोषून घेत नाहीत. वाईनला खरोखर मातीचा वास आला, तर तो बहुधा जिओस्मिनचा असतो. पहिल्या पावसात जमिनीतून उठतो आणि आपल्याला कवी करतो तोच हा पदार्थ. बिटाच्या कोशिंबिरीतही तोच. द्राक्षाचा घड कुजला, बुरशी धरली, की तो वाईनमध्ये उतरतो, आणि वायनरीतली माणसं कपाळाला हात लावतात. म्हणजे ज्या मृद्गंधावर आपण आषाढ काढतो, तो प्रयोगशाळेच्या वहीत 'दोष' या रकान्यात लिहिलेला असतो. हे वाचल्यावर मला दोन दिवस करमलं नाही.

पण जमिनीचा गुण असतो, तो नाकारून कसं चालेल? आपण तो फ्रेंचांकडून शिकलेलो नाही. मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावचं भरताचं वांगं, देवगडचा हापूस यांच्यासाठी आपण सोयरिकी मोडल्यात. त्यांच्या 'तेर्वार'चा, म्हणजे जमिनीच्या गुणाचा, आम्ही एवढा गवगवा ऐकतो, पण देवगडची पेटी उघडल्यावर नुसत्या वासावरून "हा रायवळ घुसडलाय" म्हणणारी आमची आजी वाईन पारखणाऱ्या कुठल्याही सोमेलियेच्या तोडीची होती. आता नाशिकच्या द्राक्षाला आणि नाशिक व्हॅलीच्या वाईनलाही भौगोलिक मानांकन आहे. आपण त्यावर फारसं बोलत नाही, कारण मानांकन आपल्याला सातबाऱ्यासारखं वाटतं. कपाटात आहे ना, मग झालं.

फ्रेंच लोक मात्र गावाच्या नावाबद्दल भलते हळवे. शातोनफ-दु-पाप नावाचं गाव आहे, तिथं बागांमध्ये नारळाएवढाले गोटे पसरलेले असतात. ते दिवसा तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात. १९५४ साली उडत्या तबकड्यांची हवा होती. त्या गावच्या महापौरांनी रीतसर हुकूम काढला, की आमच्या हद्दीत उडत्या तबकडीनं उडू नये आणि उतरूही नये, उतरल्यास जप्त केली जाईल. दाजींना हे सांगितल्यावर ते खूप वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "तबकडीचं सोडा. शेजारच्याच्या ब्लोअरवर असा हुकूम काढता येतो का ते बघा."

कारण त्यांचं खरं दुखणं तिथं आहे. सेंद्रियचा दाखला असा एका फवारणीनं मिळत नाही. वेलीसारख्या बहुवर्षायू पिकाला तीन वर्षांचा रूपांतरकाळ असतो. तीन वर्षं सगळं सेंद्रिय करायचं आणि विकायचं मात्र साध्याच्या भावात. त्यात बांधाला बांध लावून खायच्या द्राक्षाची बाग. तिथं ट्रॅक्टरवरचा ब्लोअर सुरू झाला आणि वारा इकडचा असला, की औषधाचं धुकं दाजींच्या बागेवर. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण संगतीसाठी वापरतो. सेंद्रिय शेतीत ती तपासणीच्या अहवालात येते. म्हणून दाजींनी त्या बाजूच्या चार ओळी सोडूनच दिल्यात. त्यांची द्राक्षं वेगळी तोडतात, वेगळी विकतात. शेजारी चांगला माणूस आहे. फवारायच्या आदल्या दिवशी फोन करतो. वाऱ्याला फोन नाही.

आणि सेंद्रिय म्हणजे काहीच न फवारणं, हाही एक शहरी गैरसमज, जो माझाही होता. छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी येतो. आमच्याकडे केवडा म्हणतात. नाव किती सुंदर! पानाच्या वरच्या अंगाला तेलाचा डाग, खालच्या अंगाला पांढरी लव, आणि चार दिवसांत घड काळे. तो आला की दाजी मोरचूद आणि चुना काढतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, हे एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. निळंशार. झालं की त्यात कोयत्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर मिश्रण आंबट आहे, आणखी चुना घाला. या औषधाचा जन्मही चोरीच्या धाकातून झाला. मेडॉकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवरचे घड येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून बागवाले त्यांना किळस यावी असा निळा लेप मारून ठेवत. १८८२च्या सुमारास मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की डाऊनीनं सगळी बाग गेली पण रस्त्याकडेच्या निळ्या वेली शाबूत आहेत. तीन वर्षांनी त्यानं ते छापलं. चोरांनी केलेली शेतीची एवढी मोठी सेवा दुसरी नसेल.

पण तांबं काही हवेत विरत नाही. ते जमिनीत साठतं आणि गांडुळांच्या मुळावर येतं. म्हणून युरोपीय संघानं हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातलीय. म्हणजे सेंद्रिय बागायतदारालाही पापाचा हिशेब आहेच, फक्त वही वेगळी. दाजींची वही हिरव्या पुठ्ठ्याची आहे. ती ते कुणालाही दाखवतात, अगदी न मागता.

जमिनीसाठी मात्र त्यांचा सगळा भर जीवामृतावर. दोनशे लिटरच्या टाकीत दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ढवळायचं. दोन-तीन दिवसांत ते फसफसतं, आणि मग एकराला देतात. ही कृती विदर्भातल्या सुभाष पाळेकरांनी घरोघरी पोचवली. मला तिच्यात बेसन पाहून गहिवरून आलं. मातीलाही शेवटी पिठलंच लागतं. युरोपातही असं काहीतरी चालतं. १९२४ साली रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन गृहस्थांनी आठ व्याख्यानं दिली, आणि त्यातून गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायची पद्धत निघाली. वसंतात ते उकरून पाण्यात तासभर ढवळतात, आधी एका दिशेला, मग उलट. रोमानी-काँतीसारखी, जिच्या एका बाटलीत आपली मोटारसायकल येईल, अशी वाईन करणारी मंडळीसुद्धा हे करतात. शिंगानं नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञ डोकं हलवतात. ताईच्या सासऱ्यांना मी हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "शिंग कशाला? शेण तसंच नाही का पुरत?"

मला विचाराल तर शिंग आणि दिशा यांवर माझा विश्वास नाही. पण जो माणूस रोज तासभर टाकी ढवळायला बागेत जातो, तो वाटेत दोनशे वेली बघतो. केवड्याचा पहिला डाग त्यालाच दिसतो. शेतात मालकाची पावलं हे सगळ्यात जुनं खत आहे, आणि त्याला दाखला लागत नाही.

दाजींच्या बोदावर उसाचं पाचट अंथरलेलं असतं आणि ओळींच्या मधे ताग पेरलेला. पाचट उचललं की खाली माती ओलसर, मऊ, आणि गांडुळांची लगबग. जवळच्या रासायनिक बागेत बोद खरडून झाडून लख्ख ठेवलेले. आमच्या आईला ती बाग आवडली असती, दिवाळीच्या अंगणासारखी. दाजींच्या बागेत गेलं की वाटतं, पाहुणे यायच्या आधी आवरायचं राहून गेलंय. सेंद्रिय बागेत पहिल्यांदा सोडावी लागते ती टापटिपीची हौस, आणि आपल्या लोकांना ते औषध सोडण्यापेक्षा जड जातं. "बाग आळशाची दिसते," असं गावातले एक ज्येष्ठ म्हणून गेले, तेव्हा दाजी दोन दिवस जेवले नव्हते. त्या काळात ते पहाटे पाचला उठून पिठ्या ढेकणाची कीड हातानं, ब्रशनं काढत होते. हजारावर वेली.

उत्पन्नाचं गणित तर उलटंच. खायचं द्राक्ष एकरी दहा टन काढणारा माणूस चौकात छाती काढून चालतो. जीए या संजीवकात घड बुडवायचे, मणी लांबवायचे, विरळणी करायची, एकेका घडाला बाळासारखं जपायचं. वाईनचं द्राक्ष लावणाऱ्याला सांगतात, चार टनांवर जाऊ नका. घड जास्त आले तर हिरवे असतानाच तोडून खाली टाका. दाजींनी पहिल्या वर्षी ते केलं तेव्हा त्यांचे वडील बागेतून उठून देवळात जाऊन बसले. हातानं लावलेलं, जगवलेलं, हातानंच मातीत टाकायचं. विठ्ठलालाही ते समजावून सांगायला वेळ लागला असणार.

थंडीचं मात्र कौतुक केलंच पाहिजे. निफाडचा पारा घसरला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, आणि आम्ही शहरातले लोक ती वाचून स्वेटर शोधतो. बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, कारण खायच्या द्राक्षाला पारा फार उतरला की मणी तडकतात. वाईनच्या द्राक्षाला तीच गार रात्र वरदान. ऊन जास्त झालं, रात्र उबदार राहिली, की मण्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते. मग उरते नुसती साखर, आणि वाईन पाकासारखी मिटमिटीत. दुपारी तीस अंश आणि पहाटे दहा, ही नाशिकच्या फेब्रुवारीची तऱ्हा त्या आंबटपणाला वाचवते. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरची उंची त्यात हातभार लावते. जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचा काळा पत्थर, त्याची झिजून झालेली माती, सहाशे मीटर उंची आणि निफाडकडून येणारं वारं. आपलं 'तेर्वार' म्हणजे एवढं सगळं.

आणि वेलीची कुंडली मांडायची तर तिच्यात कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात नाही. शिराज हे नाव इराणातल्या शहराचं. पण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीएनए तपासला तेव्हा कळलं की आईबाप दोन्ही आग्नेय फ्रान्सातले, इराणशी काही नातं नाही. त्या फ्रेंच वेलीचं कलम ज्या मुळांवर बांधलंय ती डॉगरिज नावाची, टेक्सासची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीनं युरोपच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून अमेरिकी मुळांवर युरोपी वेल बांधायची रीत पडली. आपल्याकडे ती मुळं अवर्षण आणि क्षार सोसतात म्हणून घेतात. नाव इराणी, रक्त फ्रेंच, पाय अमेरिकन, खाणं दिंडोरीचं बेसन. असा जावई चालला असता का, असं मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "मिक्सरला हात लावला नसता तर चालला असता."

हवामानाचं मात्र आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. बर्गंडीतल्या बोन या गावात १३५४ पासूनच्या द्राक्षतोडणीच्या तारखा नोंदलेल्या आहेत. सहाशेहून अधिक वर्षं! अभ्यासकांनी त्या जुळवल्या तेव्हा दिसलं, की १९८८ नंतर तोडणी सरासरी १३ दिवस आधी होऊ लागली. आपल्याकडे नोंदी नाहीत असं मी म्हणालो, तर ताईचे सासरे काही न बोलता आत गेले आणि जुन्या कालनिर्णयांचा गठ्ठा घेऊन आले. दोऱ्यानं बांधलेला. चौकोनाचौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षर: "छाटणी." "भुरी दिसली." "गारा, वाटाण्याएवढ्या." "गारा, लिंबाएवढ्या, उत्तरेकडची बाग गेली." एकादशी लाल अक्षरात छापलेली आणि तिच्या खाली पेन्सिलीत "रात्री अवकाळी". मी पानं उलटत गेलो. आधी तीन-चार वर्षांतून एकदा दिसणारा 'अवकाळी' पुढे दर वर्षी यायला लागला होता. म्हातारबुवा म्हणाले, "आता त्याला अवकाळी म्हणायचं का, हाच प्रश्न आहे."

एप्रिलात दाजींनी एक बाटली आणली. वायनरीनं त्यांच्या टेकाडावरच्या द्राक्षाची थोडी वाईन वेगळी ठेवली होती, त्यातली. घरात प्यायची सोय नाही, म्हणून आम्ही दोघं बागेत, पंपाच्या खोलीपाशी, खाटेवर बसलो. ग्लास नव्हते, फुलपात्रं होती. मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे फुलपात्र हलवलं, वास घेतला. जांभूळ होतं. काळी मिरी होती. आणि पाठीमागून, अगदी लांबून, लसणाचा वास आला.

"दाजी, लसूण येतोय," मी म्हणालो.

ते हसून लोळायचे बाकी राहिले. "शालकबुवा, ही वाईन मागच्या वर्षीची. लसूण तर आम्ही यंदा लावला."

वासाचं कारण नंतर कळलं. ते फुलपात्र लसूण वाटायला घेतलेल्या भांड्यांतलं होतं. ताईनं सगळी भांडी बागेत पाठवून दिली होती, घरात नको म्हणून.

प्रयोगाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. लसूण लावलेल्या दोन ओळींतले डोळे बाकीच्यांपेक्षा बरे फुटले, पण सायनामाइडइतके एकसारखे नाहीत. यंदा बाग एकरी साडेतीन टन निघाली. शेजारी हसला, पण गेल्याच आठवड्यात जीवामृताची टाकी बघायला येऊन गेला आणि बेसन कुठल्या गिरणीचं घेता ते विचारून गेला. पुढची गोडी छाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. या वेळी दहा ओळी करायच्या आहेत, म्हणजे वीस-पंचवीस किलो लसूण. ताईनं परवानगी दिलीय, दोन अटींवर: मिक्सर वेगळा आणावा, आणि सोलायला मी यावं.